उन्हात हात जळतात, कातडीवर मात्र काहीच दिसत नाही: ईपीपीचं निदान कसं करायचं?

प्रश्न अकोल्याहून एका आईने विचारला आहे. मुलगा सात वर्षांचा. उन्हात दहा-पंधरा मिनिटं खेळला की हाताची मागची बाजू, नाक आणि कानाच्या पाळ्या ‘चावतायत, जळतायत’ म्हणतो. घरी येऊन बादलीत हात बुडवून बसतो, रात्री पंख्याखाली हात धरून रडतो. तळहातांना काही होत नाही. अंगावर ना फोड, ना चट्टा, ना पुरळ. आधी उन्हाची ॲलर्जी म्हणून सनस्क्रीन आणि अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गोळ्या झाल्या, उपयोग शून्य. मग एका डॉक्टरांनी पोर्फिरियाची (रक्तातलं हीम बनताना होणाऱ्या बिघाडाची) शंका घेऊन लघवी तपासली, ती नॉर्मल आली. आता शाळा टाळण्याचं निमित्त आहे, समुपदेशकाकडे न्या, असा सल्ला मिळतोय. नात्यात कुणालाच असा त्रास नाही. पुढे काय करायचं?

ताई, आधी मुलाबद्दल. शाळा टाळायची असली की सात वर्षांचं पोर पोट दुखतंय म्हणतं, फार तर डोकं. तळहात वगळून नेमकी हाताची मागची बाजू, नाक आणि कानाची पाळी ते निवडत नाही. मित्र खेळत असताना डाव अर्धा टाकून तर मुळीच घरी येत नाही. त्याने सांगितलेल्या सगळ्या जागा ऊन थेट पडतं त्या आहेत. तो खरं बोलतोय असं धरूनच आपण पुढे जाऊ.

आता लघवीच्या रिपोर्टबद्दल. त्या नॉर्मल रिपोर्टने पोर्फिरियाचे काही प्रकार बाद झाले हे खरं. पण तुमची हकीकत वाचून मला ज्या प्रकाराची शंका येते, तो लघवीच्या तपासणीने बाद होत नाही, होऊ शकतही नाही. त्याचं नाव एरिथ्रोपोएटिक प्रोटोपोर्फिरिया, सोयीसाठी ईपीपी म्हणू. मुलाला न बघता निदान ठोकून देणं योग्य नाही आणि मी ते देतही नाही. पण ही हकीकत समोर असताना एका ठराविक रक्ततपासणीशिवाय मी स्वस्थ बसणार नाही. ती कोणती आणि बिनचूक कशी करून घ्यायची, हे सविस्तर लिहितो. उत्तर तुमच्या डॉक्टरांनाही दाखवा, मधला बराचसा भाग त्यांच्यासाठीच आहे.

आपल्या रक्तातलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, आठ टप्प्यांत तयार होतं. अगदी शेवटच्या टप्प्यात प्रोटोपोर्फिरिन नावाच्या रेणूत लोहाचा अणू बसवला जातो आणि ते काम फेरोकेलाटेज नावाचं एन्झाइम करतं. हे एन्झाइम फारच अपुरं पडलं की लोह न बसलेलं प्रोटोपोर्फिरिन तांबड्या पेशींत साचत जातं, तिथून प्लाझ्मात झिरपतं आणि कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात शिरतं. हा रेणू सुमारे ४०० ते ४१० नॅनोमीटरचा जांभळा-निळा प्रकाश जोरात शोषतो. शोषलेली ऊर्जा तो ऑक्सिजनला देतो आणि असा चेतलेला ऑक्सिजन आजूबाजूच्या पेशी भाजून काढतो. त्वचेच्या काही कर्करोगांवर आम्ही हीच गोष्ट मुद्दाम घडवतो. मलम लावून त्या जागी प्रोटोपोर्फिरिन तयार होऊ द्यायचं आणि वरून दिवा धरायचा. फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात तिला, आणि त्या दिव्याखाली धट्टीकट्टी माणसंसुद्धा दातओठ खातात. तुमच्या मुलाच्या बाबतीत बहुधा हेच, मलमाशिवाय, शाळेच्या मैदानावर घडतंय.

इथेच ‘काहीच दिसत नाही’ या गोष्टीचा उलगडा होतो. पोर्फिरिया म्हटलं की डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर येतात फोड, फाटणारी नाजूक कातडी, खोल व्रण आणि लालसर लघवी. ते चित्र खरं आहे, पण दुसऱ्या प्रकारांचं. तिथे साचणारी पोर्फिरिनं, म्हणजे हीम बनतानाचे मधले रेणू, पाण्यात विरघळणारी असतात, म्हणून ती लघवीत उतरतात आणि कातडीवर फोडही आणतात. ईपीपीतलं प्रोटोपोर्फिरिन चरबीत विरघळणारं. ते मूत्रपिंडातून बाहेर पडत नाही, यकृतातून पित्तात आणि तिथून शौचावाटे जातं. त्यामुळे लघवीचा रंगही साधा आणि रिपोर्टही साधा. इजा होते ती वरच्या थरात नाही, खालच्या केशवाहिन्यांत. वरची कातडी शाबूत आणि आत भाजलेलं, असा प्रकार. फोड आलेच तर क्वचित, तेही खूप वेळ उन्हात अडकून पडल्यावर.

१९६१ साली लंडनमध्ये मॅग्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार पहिल्यांदा नीट मांडला. त्या लेखाच्या शीर्षकातच सोलर अर्टिकेरिया, म्हणजे उन्हाने उठणारं पित्त, असा उल्लेख होता. पित्ताशी गल्लत अशी अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे. जिथे या आजाराची चांगली नोंद ठेवली जाते, त्या युरोपातल्या देशांतही पहिला त्रास आणि निदान यांत दहा-दहा वर्षं जातात. आजार दुर्मिळ आहे, साधारण पाऊण लाख ते दोन लाख लोकांत एक असा अंदाज दिला जातो. पण उशिराचं कारण दुर्मिळपणा एवढंच नाही. त्रास होतो मैदानावर आणि रात्री अंथरुणात, डॉक्टर बघतात तिसऱ्या दिवशी सकाळी, तेव्हा हात स्वच्छ असतात.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे, त्यात हात लालबुंद दिसतात. गव्हाळ किंवा सावळ्या हातावर ती लाली उठून दिसत नाही. सूज मात्र येते, फक्त ती शोधावी लागते. बोटांच्या सांध्यांवरच्या वळ्या नाहीशा होतात, हातामागच्या शिरा बुजतात, मनगटातला दोरा रुततो, मूठ पूर्ण वळत नाही. कधी हातामागे टाचणीच्या टोकाएवढे जांभळट ठिपकेही दिसतात, ते दाबल्यावर पुसट होत नाहीत. म्हणून माझी पहिली विनंती अशी: पुढच्या वेळी त्रास होईल तेव्हा दोन्ही हातांचे आणि चेहऱ्याचे फोटो काढा. आज, हात बरे असताना, तसेच फोटो काढून ठेवा. दोन्ही शेजारी ठेवले की बघणाऱ्याला सूज लगेच कळते, एरवी कळत नाही. फोटोसाठी म्हणून त्याला उन्हात मात्र पाठवू नका.

निदानाचा अर्धा भाग हकीकतीतच असतो, आणि हकीकत घेताना ‘उन्हाचा त्रास होतो का?’ एवढं विचारून भागत नाही. उन्हाचा त्रास विदर्भात कुणाला होत नाही?

मी आधी घड्याळ विचारतो. उन्हात गेल्यापासून किती मिनिटांत सुरू होतं आणि किती तासांनी थांबतं? ईपीपीत मिनिटांतच मुंग्या, चावरेपणा, खाज सुरू होते. ती सूचना पाळून सावलीत गेलं तर बऱ्याचदा निभावतं. थांबलं नाही तर जळजळ चढत जाते आणि काही तास ते दोन-तीन दिवस राहते. नेहमीच्या ‘उन्हाच्या ॲलर्जी’त पुरळ काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उठतं आणि खाजतं, दुखत नाही. उन्हाच्या पित्तात गांधी काही मिनिटांत उठतात खऱ्या, पण सावलीत आल्यावर सहसा तास-दोन तासांत जिरतात. तुमचा मुलगा दुपारी खेळून रात्री रडतो. हे पित्ताच्या वेळापत्रकात बसत नाही, आणि पित्ताच्या गोळ्यांनी काडीचा फरक पडला नाही हेही त्याच्याशी जुळतं.

दुसरा प्रश्न काचेचा. एसटीत किंवा गाडीत काच बंद असताना, उन्हाच्या बाजूला बसल्यावर त्रास होतो का? उन्हातल्या ज्या किरणांनी कातडी भाजते त्यांतला मोठा भाग साधी काच अडवते, पण ४०० नॅनोमीटरच्या पुढचा दिसणारा प्रकाश ती बिनदिक्कत आत सोडते. काचेआडूनही हात जळत असतील तर ईपीपीची शंका बरीच पक्की होते. सनस्क्रीनचा उपयोग का झाला नाही याचं उत्तरही इथेच आहे. दुकानात मिळणारी बहुतेक सनस्क्रीन अतिनील किरणांसाठी बनवलेली असतात, दृश्य प्रकाश त्यांतून आरपार जातो. ‘सनस्क्रीन लावूनही त्रास, म्हणजे ऊन कारण नाही’ असं कुणी म्हणालं तर तो तर्क इथे उलटा पडतो.

तिसरा प्रश्न, प्रकाश की उष्णता? डिसेंबरातल्या गार, लख्ख सकाळी क्रिकेट खेळताना काय होतं? आणि मे महिन्यात रात्री वीज गेलेल्या, घाम फोडणाऱ्या खोलीत काय होतं? पहिल्या वेळी त्रास आणि दुसऱ्या वेळी नाही, असं असेल तर दोष प्रकाशाचा. उलट असेल, म्हणजे उकाड्याने, तापाने, व्यायामाने हातपाय पेटत असतील आणि तळपायही त्यात असतील, तर वेगळ्या दिशेने जायला हवं. त्या दिशेबद्दल खाली लिहिलंय.

चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि मला तो फार उपयोगी वाटतो. लागोपाठच्या दुसऱ्या दिवशी काय होतं? ईपीपीच्या रुग्णाला आदल्या दिवशी थोडं ऊन लागलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी सहनशक्ती आणखी घटते. काल पंधरा मिनिटं चाललं, आज पाच मिनिटांतही नाही. स्नेहसंमेलनाच्या सरावाचा आठवडा, सहल, गावची जत्रा असे दिवस आठवून बघा. त्रासाची तारीख, वेळ, किती मिनिटं, ढग होते की नाही, हे वहीच्या एका पानावर लिहीत गेलात तर डॉक्टरांचं काम निम्मं होईल.

आराम कशाने मिळतो तेही सांगा. गार पाणी, ओलं फडकं, गार फरशी हे अगदी नेहमीचं. अंगावर चादरही नको वाटणं, पॅरासिटामॉलचा परिणाम न होणं, हेही नेहमीचं. घरोघरी आमसुलाचं पाणी लावून झालेलं असतं. त्याने जो आराम वाटतो तो गारव्याचा.

अशी मुलं पुष्कळदा तपासणीच्या खोलीत शिरतानाच ओळखू येतात. ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, हात खिशात किंवा आईच्या पदराआड, आणि बसायला खिडकीपासून लांबची खुर्ची. कुणी शिकवलेलं नसतं, कातडीने शिकवलेलं असतं.

आता डॉक्टरांसाठी. ‘तपासणीत काही नाही’ असं लिहिण्याआधी दोन मिनिटं अंधाऱ्या खोलीत, टॉर्च बाजूने तिरका धरून नाकाचा शेंडा आणि गाल बघा. समोरून प्रकाश टाकला तर सगळं सपाट दिसतं. तिरक्या प्रकाशात बारीक खड्डे, मेणचटपणा, कातडी किंचित जाड झालेली दिसू शकते. ओठांभोवती बाहेरच्या दिशेने गेलेल्या बारीक उभ्या रेषा बघा, लहान मुलाच्या तोंडाभोवती त्या असायचं कारण नाही. हाताच्या मुठीवरचे सांधे चाचपून बघा. तिथली कातडी वयाच्या मानाने जाड, खरबरीत, एखाद्या कष्टकरी प्रौढाच्या हातासारखी लागते का? हे बदल वर्षानुवर्षं ऊन लागून होतात. सात वर्षांच्या, जीव राखून वागणाऱ्या मुलात यातलं एकही नसेल तरी आजार बाद होत नाही. बायोप्सीत उघड्या भागातल्या केशवाहिन्यांभोवती पीएएस रंग घेणारा काचेसारखा थर दिसतो. पण रक्तातून उत्तर मिळत असताना मुलाच्या नाकाहातावर टाका घालण्याच्या मी विरोधात आहे.

आणि आता ती रक्ततपासणी. चुका सगळ्यात जास्त इथेच होतात, म्हणून जरा रेंगाळतो.

चिठ्ठीवर नुसतं ‘पोर्फिरिया प्रोफाइल’ लिहू नका. अनेक ठिकाणी त्याचा अर्थ लघवीची तपासणी एवढाच निघतो आणि गाडी पुन्हा तिथेच येते. लिहायचं असं: तांबड्या पेशींमधलं एकूण प्रोटोपोर्फिरिन, आणि त्यात धातूविरहित किती व झिंकयुक्त किती, हे वेगवेगळं. ईपीपीत एकूण आकडा खूप वाढलेला असतो आणि त्यातलं ८५ टक्के किंवा अधिक प्रोटोपोर्फिरिन धातूविरहित असतं.

ही फोड मिळाली नाही तर दोन प्रकारे फसगत होते. शिशाच्या विषबाधेच्या पाहणीसाठी बनवलेलं एक छोटं यंत्र काही लॅबमध्ये असतं. ते फक्त झिंक प्रोटोपोर्फिरिन मोजतं. ईपीपीचा रुग्ण त्यात जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो, आणि रिपोर्टवर ‘प्रोटोपोर्फिरिन नॉर्मल’ असा शिक्का बसतो. दुसरी फसगत याच्या उलट. लोह कमी असलेल्या मुलात झिंक प्रोटोपोर्फिरिन वाढतं, म्हणून एकूण आकडाही वाढलेला येतो. आपल्याकडे रक्त कमी असलेली मुलं काय कमी आहेत? नुसत्या एकूण आकड्यावर ईपीपी म्हणायला गेलं तर अर्धी शाळा त्यात बसेल. काही लॅबच्या यादीत ‘फ्री एरिथ्रोसाइट प्रोटोपोर्फिरिन’ असं लिहिलेलं असतं, त्यावरही विसंबू नका. जुन्या पद्धतीत आम्लाने झिंक निघून जायचं आणि मग सगळंच ‘फ्री’ म्हणून मोजलं जायचं. ते नाव अजून चालतंय. लॅबला फोन करून सरळ विचारा: तुम्ही धातूविरहित आणि झिंक वेगळं देता का? हो म्हणाले तरच नमुना द्या.

नमुना कसा जातो यालाही तेवढंच महत्त्व आहे. जांभळ्या बुचाची ईडीटीए नळी, पूर्ण रक्त. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं नाही. रक्त काढल्याबरोबर नळीला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळायची. फ्रिजमध्ये चालेल, फ्रीझरमध्ये नको, गोठलं की पेशी फुटतात. प्रोटोपोर्फिरिन प्रकाशात नष्ट होतं. संकलन केंद्रात ट्यूबलाइटखाली स्टँडला लावून ठेवलेली आणि संध्याकाळी कुरियरने गेलेली नळी खोटं नॉर्मल उत्तर देऊ शकते. फॉइल घरूनच न्या, आणि नळी गुंडाळलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच निघा. तिथली माणसं कंटाळतील, कंटाळू द्या.

प्लाझ्मा फ्लुओरोसन्सची सोय असेल तर ६३४ नॅनोमीटरच्या आसपास शिखर दिसतं. चांगली तपासणी आहे, पण प्लाझ्मातलं प्रोटोपोर्फिरिन उजेडाला आणखीनच नाजूक, त्यामुळे ती नकारात्मक आली तरी तांबड्या पेशींची तपासणी सोडू नये. वैद्यकीय महाविद्यालयात फ्लुओरोसन्स सूक्ष्मदर्शक असेल तर ताज्या, न रंगवलेल्या रक्ताच्या थेंबात काही तांबड्या पेशी लालसर चमकून काही सेकंदांत विझताना दिसतात. बघण्यासारखं दृश्य असतं. मात्र दिव्याची तरंगलांबी ४००च्या जवळपास लागते. टीबीच्या थुंकीसाठी ठेवलेल्या यंत्राचा दिवा तसा आहे का, हे आधी पाहावं. चमक दिसली नाही म्हणून आजार नाही, असा निष्कर्ष यावरून काढू नये.

सोबत साधा हिमोग्राम, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), यकृताच्या तपासण्या आणि ड जीवनसत्त्व करून घ्या. ईपीपीत थोडा, लहान पेशींचा ॲनिमिया बऱ्याच जणांत असतो.

नीट काढलेल्या, नीट झाकलेल्या नमुन्यात तांबड्या पेशींतलं धातूविरहित प्रोटोपोर्फिरिन नॉर्मल आलं, तर मात्र ईपीपीचा नाद सोडावा. हट्टाने तिथेच घुटमळण्यात अर्थ नाही.

‘नात्यात कुणालाच नाही’ या मुद्द्याने बरेच डॉक्टर आनुवंशिक आजाराचा विचार सोडून देतात. नात्यात लग्न नाही, आई-वडील ठणठणीत, मग आनुवंशिक कसं? ईपीपीचं जनुक, म्हणजे फेरोकेलाटेज बनवणारं एफईसीएच, १८व्या गुणसूत्रावर आहे. बहुतेक रुग्णांना एका पालकाकडून जनुकाची पुरती बिघडलेली प्रत मिळते आणि दुसऱ्याकडून एक कमजोर प्रत, जी चालते पण कमी उत्पादन देते. नुसती बिघडलेली प्रत असलेला पालक निरोगी असतो, कारण त्याची दुसरी प्रत निम्मं काम भागवते आणि तेवढं पुरतं. नुसती कमजोर प्रत असलेला पालक तर निरोगी असतोच. दोन्ही एका मुलात आल्या की एन्झाइमचं काम तीस टक्क्यांच्या खाली घसरतं आणि आजार दिसू लागतो. घराण्यात आधी कुणालाच नसणं हे इथे अगदी नेहमीचं आहे. सख्ख्या भावंडात तोच जोड जमण्याची शक्यता चारात एक. धाकटं भावंड असेल तर त्याचीही हकीकत घ्या.

ही कमजोर प्रत जनुकाच्या तांत्रिक भाषेत सी.३१५-४८टी>सी अशी लिहितात. ती एक्सॉनमध्ये (जनुकातल्या प्रथिनाच्या मजकुरात) नसून इंट्रॉनमध्ये (मजकुराच्या मधल्या भागात) ४८ अक्षरं आत आहे, आणि लोकांत बरीच पसरलेली आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत दर शंभर प्रतींत दहाच्या आसपास, जपानमध्ये चाळीसच्या वर. यातून रिपोर्टमध्ये घोळ होतो. नेहमीच्या एक्सोम तपासणीत, म्हणजे मुख्यतः एक्सॉन वाचणाऱ्या जनुक तपासणीत, एक तर ती जागा नीट वाचलीच जात नाही, किंवा वाचली तरी ‘हा बदल निरोगी लोकांतही सर्रास आढळतो’ म्हणून संगणक गाळून टाकतो. मग रिपोर्ट येतो: एफईसीएचमध्ये एकच दोष सापडला, व्यक्ती केवळ वाहक. आणि मुलगा जळतच राहतो. जनुक तपासणी करायची ठरली तर चिठ्ठीवर हा बदल स्पष्ट लिहून त्याचं उत्तर मागा. तपासणी कोरी आली तर जनुकाचे मोठे तुकडे गळालेत का हे एमएलपीए नावाच्या तपासणीने बघायला सांगा. रक्तात झिंकयुक्त भागही बराच वाढलेला असेल, म्हणजे धातूविरहित प्रमाण ५० ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान, तर एक्स गुणसूत्रावरच्या एएलएएस२ जनुकाचा प्रकार पाहावा. तो मुलग्यांत जास्त तीव्र असतो. मात्र लक्षात घ्या, निदान रक्तातल्या प्रोटोपोर्फिरिनवर ठरतं. जनुकाचा रिपोर्ट त्याला दुजोरा देतो आणि भावंडांचा हिशेब मांडायला कामी येतो. पैसे मोजूनच खर्च करायचे असतील तर आधी रक्त.

ईपीपी नसेल तर काय, हे थोडक्यात. उष्णतेने हात-पाय दोन्ही जळत असतील, घाम कमी येत असेल, तापात त्रास वाढत असेल तर फॅब्री आजाराची तपासणी करावी. मुलग्यांमध्ये अल्फा-गॅलॅक्टोसिडेज ए हे एन्झाइम मोजून ती सहज होते. उकाड्याने पाय लालबुंद होऊन पेटत असतील आणि बर्फाच्या पाण्याशिवाय चैन पडत नसेल तर एरिथ्रोमेलाल्जिया. लहान वयात उघड्या भागावर दाट तीळ-ठिपके आणि थोड्या उन्हाने दिवसेंदिवस टिकणारं भाजणं असेल तर झेरोडर्मा पिगमेंटोसम, त्याला उशीर परवडत नाही. आवाज लहानपणापासून घोगरा आणि पापण्यांच्या कडेला मण्यांसारख्या गाठी असतील तर लिपॉइड प्रोटिनोसिस, त्याची बायोप्सी ईपीपीसारखीच भासते. तुमच्या वर्णनात मला यातलं काही दिसलं नाही.

रिपोर्ट येईपर्यंत काय करायचं? घट्ट विणीचे पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी, सायकलवर किंवा वडिलांच्या गाडीवर पुढे बसताना हातमोजे. क्रीम लावायचीच असेल तर झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि लोह ऑक्साइड असलेली, कातडीच्या रंगाची, अपारदर्शक. ती थोडी मदत करते. मुंग्या सुरू झाल्या की त्याने विचारल्याशिवाय सावलीत यायचं, अशी मुभा त्याला घरी आणि शाळेत दोन्हीकडे द्या. ही मुलं स्वतःची मर्यादा मोठ्यांपेक्षा चांगली ओळखतात.

लोहाच्या गोळ्या आपणहून सुरू करू नका. नेहमीच्या ॲनिमियात त्या देतातच, पण ईपीपीच्या काही रुग्णांत लोहाने त्रास वाढल्याचं दिसलंय. फेरिटिन बघून, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्या. ड जीवनसत्त्व मात्र या मुलांत हमखास कमी असतं, ते भरून काढावं.

निदान पक्कं झालं तर यकृतावर वर्षातून एकदा नजर ठेवावी लागते. पित्तात साचून कमी वयात पित्ताशयाचे खडे होऊ शकतात, आणि शंभरात फार तर पाचांच्या यकृताला गंभीर इजा होते. हिपॅटायटिस ए आणि बीच्या लसी घेऊन टाका. कधी मोठी शस्त्रक्रिया करावी लागली तर थिएटरच्या दिव्यांवर पिवळा फिल्टर लावण्याबद्दल भूलतज्ज्ञांशी आधीच बोलायचं. यकृत प्रत्यारोपणात त्या दिव्यांनी आतल्या अवयवांना भाजल्याची उदाहरणं आहेत. पोर्फिरिया म्हटल्यावर कुणी तुमच्या हातात वर्ज्य औषधांची लांबलचक यादी ठेवेल. ती पोटदुखीचे झटके येणाऱ्या प्रकारांची असते, ईपीपीला जशीच्या तशी लागू नाही.

औषध म्हणाल तर अफामेलानोटाइड नावाचं रोपण आहे, तांदळाच्या दाण्यासारखं, कातडीखाली बसवतात. त्याने रंगद्रव्य वाढतं आणि उन्हात थांबण्याची मर्यादाही वाढते. युरोपात २०१४ मध्ये आणि अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली, दोन्हीकडे प्रौढांसाठी. सात वर्षांच्या मुलासाठी आज त्याचा विचार नाही. केंद्र सरकारच्या २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणात मुंबईचं केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. रिपोर्ट हातात आल्यावर जनुकीय सल्ल्यासाठी तिथे दाखवता येईल.

शाळेसाठी डॉक्टरांकडून पत्र घ्या, आणि ते रिपोर्टची वाट न बघता आत्ताच. त्यात ‘उन्हाची ॲलर्जी’ लिहू देऊ नका. ॲलर्जी म्हटलं की शिक्षक गोळी दिलीय का विचारतात आणि मुलाला रांगेत उभं करतात. लिहून घ्यायचं ते असं: प्रकाशाने तीव्र वेदना होतात, तपासण्या चालू आहेत, प्रार्थना आणि कवायत सावलीत, वर्गात खिडकीपासून लांबचा बाक, पूर्ण बाह्यांचा गणवेश, आणि त्याने सांगितलं की लगेच आत येऊ द्यावं. खेळाच्या तासाला त्याला पूर्ण वगळू नका. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर तो इतरांसारखाच धावू शकतो.